अस्तर

जिनिंगच्या पटांगणात सरकीची पोती अंथरली,
वर ताडपत्री, चार बल्ल्या, विहिरीचे दोर.
झाला आखाडा. तिकीट बारा आणे, बायांना आठ.
टांग्यातला भोंगा तीन दिवस ओरडत होता:
हंगेरीचा डोंगर, बोरोश पैलवान!
अकोल्यात तो रशियाचा होता,
यवतमाळात जर्मनीचा.
आमच्या मंगरूळच्या वाट्याला हंगेरी आली.
ती कुठं असते, ते गुरुजींनाही नकाशात
दोनदा चष्मा पुसल्यावर सापडलं.

आदल्या रात्री तो दुकानात शिरला
दारातून आडवा होऊन.
बाबांनी स्टूल पुढं केलं, मग स्टुलाकडे बघून
कापडाचं गाठोडं.
जांभळा मखमली झगा, काखेत उसवलेला.
सोबत होर्मसजी मॅनेजर. तो म्हणाला,
"मास्टर, शिवायचं, पण कच्चं.
हा झगा उतरवायच्या आत हैदरखाँ झडप घालेल,
तेव्हा टर्रकन फाटायला पाहिजे.
पब्लिकला मजा."
बाबा काही बोलले नाहीत.
दोरा ओवायचं काम माझं, मी नऊ वर्षांची.
कंदील ओढला, झगा उलटा केला,
आणि दोघंही गप्प झालो.

आत अस्तरभर पट्ट्या,
बोटाएवढ्या, नाना दोऱ्यांनी टाचलेल्या.
जिथं जिथं उसवलं, तिथल्या तिथल्या शिंप्याची सही.
होर्मसजी बोट ठेवून वाचत गेला:
ग्राझ. मँचेस्टर.
हा बैरूत, उजवीकडून वाचायचा.
कराचीला खांदा निखळला.
पेनांग.
कोलंबोत पैसे बुडाले, दोघांचेही.
एका पट्टीवर अक्षर नव्हतं, नुसतं निळं फूल.
हे कुठलं, विचारलं,
तर डोंगरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. एकच शब्द.
होर्मसजीला तो कळला नाही,
की कळला, आणि त्यानं सांगितला नाही.

कच्चं शिवणं बाबांच्या हातात नव्हतं.
हात ऐकायचाच नाही.

हैदरखाँनं झडप घातली, ओढलं.
नाही फाटलं.
दात खाऊन पुन्हा ओढलं. टाका हलेना.
सरकीची धूळ उडाली, पब्लिक उभं राहिलं,
"अबे, खरीच कुस्ती हाय बे हे!"
बाबा माझ्याशेजारी, मान गुडघ्यांत.
अख्खी कुस्ती झग्यातच झाली.
शेवटी दोघांचे कान एकमेकांच्या तोंडाशी आले,
बाळापूरचा एक, दुसरा कुठला कोण जाणे,
कोणत्या भाषेत काय ठरलं तेही कोण जाणे,
आणि डोंगर हळूच खाली गेला,
दमलेला पाहुणा गादीवर टेकतो तसा.

सकाळी बाबा दुकान उघडायला तयार नव्हते.
तो फळीवर बसून होता, हातात आलूबोंड्याचा पुडा,
अर्धा माझ्यासाठी ठेवलेला.
झगा उलटा केला, कोलंबोच्या खाली
मोकळ्या जागेवर बोट आपटलं.
आमच्याकडे कुठली आली पट्टी?
दुकानाचं नावसुद्धा दारावर खडूनं.
"लिही वो तूच," बाबा म्हणाले,
आणि मी नाडीच्या तुकड्यावर लाल दोऱ्यानं काढलं:
सुखदेव शिंपी, मगरूळ.
"टिंब राह्यलं नं माय."
मी रडवेली झाले.
बाबांनी पुन्हा वाचलं. "मगरूर तं नाही लिवलं?
मंग जाऊ दे. मोटर निघाली त्याची."

पुढं हैदराबादेहून होर्मसजीचं एक कार्ड आलं:
बोरोश सध्या पोलंडचा आहे, तब्येत ठीक,
काखेतली शिवण अजून शाबूत, धंद्याला अडचण.
मग काहीच नाही.
कुठं पडला, कुठं उठला,
निळ्या फुलाच्या गावी परत गेला का,
की झगाच कुणी विकला, अस्तरासकट.

आता मी शाळेचे गणवेश शिवते.
कॉलरीच्या आत गावाचं नाव घालावं लागतं,
दोनशे कॉलरी, दर जूनला.
मी आधी टिंब देते.
मग त्याच्याखाली अक्षरं.